दोरीचं दुसरं टोक

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. गेली सतरा-अठरा वर्षं सुट्टी मिळाली की मी जुनी चर्च आणि कबरस्तानं बघत फिरते. बहुतेक वेळा एकटीच. उन्हात, पावसात, थंडीत — सगळ्या हवामानात फिरून झालंय. भूत नावाचं काही असतं, तर एव्हाना आमची ओळख होऊन दिवाळीला फराळाच्या डब्यांची देवाणघेवाण सुरू झाली असती. तशी ती झालेली नाही. मी पुण्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते आणि जे मोजता येत नाही त्याच्या वाटेला सहसा जात नाही.

हा छंद कसा लागला ते विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही. नगरच्या कॅम्पातल्या एका जुन्या कबरस्तानात लहानपणी शाळेची सहल गेली होती, तिथे एका दगडावर माझ्याच वयाच्या मुलीचं नाव वाचलं, तेव्हापासून असेल. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी नगरच बसलंय.) माझ्या पर्समध्ये कंगवा नसतो, पण हातभर लांबीचा एक आरसा गाडीत कायम असतो. दगडावरची अक्षरं झिजून गेली असली की आरशाने त्यावर बाजूने ऊन पाडायचं... सावल्या पडतात आणि नाव उठून दिसतं. भाऊ मला ‘थडग्यांची मास्तरीण’ म्हणतो. म्हणू दे.

तर गोष्ट गेल्या नोव्हेंबरातली.

माझे वडील, नाना, चौऱ्याऐंशी वर्षांचे. नगरला भावाकडे असतात. नोकरी सगळी जमीन मोजण्याच्या खात्यात गेली. कागदावर भूकरमापक, लोकांच्या तोंडी मोजणीदार. दिवाळीच्या आधी त्यांना दोनदा चक्कर आली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की हृदय मधेच ठोके गाळतंय, पेसमेकर बसवावा लागेल आणि तोही लवकर. या वयातही ते सहज होतं, काळजीचं कारण नाही, पण टाळलंत तर मात्र आहे. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि संमतीच्या कागदावर सही करायला नकार दिला.

भावाने समजावलं, वहिनीने समजावलं, डॉक्टरांनी दोनदा समजावलं. नाना म्हणायचे, वासंतीला बोलवा. वासंती म्हणजे मी. शनिवारची शाळा उरकून मी गाडी काढली. सुप्याच्या पुढे कारखान्यांची शिफ्ट सुटली होती, त्या गर्दीत अर्धा तास अडकले आणि तो अर्धा तास मनातल्या मनात नानांशी भांडून काढला.

पोचल्यावर त्यांनी बाकीच्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. मग एका गावाचं नाव घेऊन विचारलं, तिथलं चर्च बघितलंयस का? गाव देवळाली प्रवराहून नेवाशाकडे जाताना आत वळून आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. मी म्हटलं, नाही, ते राहिलंय.

मग नानांनी जे सांगितलं ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा पाचवीत असेन. त्या गावातल्या एका शेतकऱ्याने मोजणीचा अर्ज केला होता. त्याचं शेत आणि चर्चचं कबरस्तान यांची हद्द एक होती, मधे निवडुंगाचं कुंपण. चर्चच्या मागच्या कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडापासून कुंपणापर्यंत किती अंतर, ते मोजायचं. तेव्हा तेहतीस फुटी लोखंडी साखळी असायची. दोन माणसं लागायची. पुढचा साखळी ताणून जमिनीत वर कडं असलेली एक लोखंडी सुई रोवायचा, पुढे जायचा. मागचा त्या सुईपाशी येऊन बसायचा, साखळीचं टोक धरायचा, पुढची साखळी मोजून झाली की ती सुई उपटून हातात घ्यायचा. शेवटी मागच्याच्या हातातल्या सुया आणि शेवटची रोवलेली, एवढं मोजायचं. जितक्या सुया तितक्या साखळ्या. इतकं साधं.

त्या दिवशी सात सुया भरल्या. नानांनी वहीत सात लिहिलं, दोघांच्या हातातल्या सुया घाईघाईने पिशवीत घातल्या आणि चारची एसटी पकडली. रात्री नकाशा काढायला बसले, तर आकृती जुळेना. म्हणून पिशवी उपडी केली. दहा सुयांचा जुडगा असायचा. नऊच होत्या.

“एक सुई राहिली होती तिथे,” नाना म्हणाले. “म्हणजे सात नव्हे, आठ. मला तेव्हाच कळलं होतं.”

पण आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका मोजणीवरून साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं, पुन्हा चूक झाली तर चौकशी लावीन म्हणून. नाना घाबरले. उद्या जाऊन गुपचूप परत मोजू, असं ठरवलं. उद्याचं परवा झालं. मग जुन्या कागदावरून आकृती कशीबशी जुळवून नकाशा देऊन टाकला. त्या नकाशात कबरस्तान सात साखळ्यांचं झालं आणि कुंपणालगतची तेहतीस फूट रुंदीची पट्टी शेतकऱ्याची. चार महिन्यांनी बदली झाली. ते परत त्या गावाला गेले नाहीत.

त्या पट्टीत एक लहानशी कबर होती. ओल्या मातीचा ढीग, दोन हात लांबीचा, नुकताच घातलेला. नानांनी तो बघितला होता, त्याला वळसा घालून गेले होते.

“तिकडे सगळा ऊस आहे, वासू,” नाना म्हणाले. “नांगर फिरला असेल त्याच्यावरून. माझ्या सहीने.”

मी त्यांना पुष्कळ सांगितलं. इतकी वर्षं झाली, तुम्ही मुद्दाम नाही केलंत वगैरे. गणिताच्या बाईंचं सांत्वन जेवढं चालतं तेवढं चाललं, म्हणजे अजिबात नाही. त्यांचं म्हणणं एकच — आधी बघून ये, सात आहे की आठ. मग सही. मी विचारलं, सात निघालं तर? ते काही बोलले नाहीत. मला फार भीती वाटली तेव्हा. भुताची नव्हे... त्यांच्या त्या गप्प राहण्याची.

मी म्हटलं, मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा असतो, आत्ता मोजून दाखवते. नानांनी हात झटकला. म्हणे, तो आकाशातून बघतो, जमिनीवर कोण चालणार? तोवर त्यांची तयारीही झालेली होती. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी त्यांनी गच्चीवर बसून टेपने मोजून बरोबर तेहतीस फुटांची कापली होती, दोन्ही टोकांना फासाच्या गाठी. आणि सुयांसाठी आईच्या विणकामाच्या सुया. दहा. हिरव्या, ॲल्युमिनियमच्या. आई गेल्यापासून त्या कपाटात तशाच होत्या. त्या हातात घेताना मला भरून आलं, म्हणून मी उगीच चिडून म्हटलं की सुया वाकल्या तर मला बोलू नका.

निघताना एक सूचना दिली. समोरची एक खूण धरायची आणि तिच्यावर नजर ठेवून चालायचं. सारखं मागे वळून बघितलं की रेषा मोडते.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला पोचले. चर्च छोटंसं, काळ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं, दाराच्या वर बुटका मनोरा आणि त्यात घंटा. सुंदर होतं. एरवी मी तासभर तिथेच रमले असते. पण दाराला कुलूप. रविवार असून कुलूप म्हणून रस्त्यावरच्या टपरीवर चौकशी केली, तर कळलं की त्यांच्यातल्या कुणाचं तरी लग्न आहे आणि सगळी मंडळी सकाळीच दोन गाड्या करून नगरला गेली. मी नगरहून इथे आणि सगळं गाव इथून नगरला.

कबरस्तान चर्चच्या मागे. आता निवडुंग नव्हता, चहूबाजूंनी सिमेंटच्या विटांची भिंत होती. भिंतीपलीकडे ऊस, पुरुषभर उंच. आत गवत — छातीइतकं वाढलेलं, वाळलेलं कुसळी गवत, आणि मधून मधून चुना लावलेल्या कबरी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इकडे कबरी रंगवून फुलं वाहतात, त्यामुळे चुना ताजा होता. हद्दीचा दगड सापडला, नानांनी सांगितलेल्या जागी. भिंत तिथून सात साखळ्यांवर असेल तर नानांच्या नकाशाप्रमाणे बांधलेली. आठवर असेल तर जुन्या कुंपणाच्या जागी. नजरेने काही कळत नव्हतं. सात आणि आठमध्ये नानांचा जीव होता, आणि मला एवढंच ठाऊक होतं.

दोरीचा फास दगडात अडकवला आणि चालू लागले. भिंतीपलीकडे एक चिंच होती, ती खूण धरली. दोरी ताणली की फास सुटायचा. परत मागे जा, अडकव, परत ताण, परत सुटला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा मी वैतागून तिथेच उभी राहिले. इतक्यात मागे कुणीतरी खाकरलं. चिखलातून आलेल्या माणसाच्या वहाणा वाजतात तसं काहीतरी वाजलंही. मला वाटलं, शेजारच्या शेतातला कुणी पाणी धरणारा आला असेल. कुसळं अंगाला टोचत होती, चिंच नजरेच्या टप्प्यात बसली होती, ती हलू नये म्हणून मी न वळताच म्हटलं, “काका, दोरीचं टोक धरता का जरा? दगडापाशी.”

“धरलंय. वढा.”

पुरुषाचा आवाज. वयस्कर, शांत. मी ओढलं. दोरी टणक झाली. दगडाला बांधलेली दोरी ओढली की कळतं, माणसाने धरलेली ओढली की वेगळं कळतं — ती थोडी देते, मग थांबते. ही माणसाने धरलेली होती. मी सुई रोवली, “झालं” म्हटलं, दोरी सैल झाली. पुढे गेले.

“धरलंय. वढा.”

मला बरं वाटलं, खरं सांगते. कामात कसलेला माणूस मिळाला होता. त्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. मागच्या सुईपाशी तो बरोबर येऊन बसत होता. गवतात खाली बसलेला माणूस एरवीही दिसला नसता. मी मनात ठरवलं की झाल्यावर त्याला चहा पाजायचा, नाव विचारायचं. तीन झाल्या, चार झाल्या, पाच, सहा... प्रत्येक वेळी तेच दोन शब्द. सातवी ओढली आणि दोरी जिथे ताणली गेली तिथे एक लहानशी पांढरी कबर होती. मी तिच्या उशाशी सातवी सुई रोवली आणि मान वर केली.

भिंत अजून पुढे होती.

मी मोठ्याने “झालं” म्हटलं. पुढे सरकले, दोरी हातात घेऊन थांबले. मागून काही आलं नाही. मी म्हटलं, “धरलंय का?” काही नाही. उसात वारा वाजत होता तेवढाच. मी तशीच उभी. मिनिटभर असेल, जास्तही असेल. मग आवाज आला, पहिल्यापेक्षा खाली, जवळजवळ स्वतःशीच.

“धरलंय.”

‘वढा’ नाही म्हणाला या वेळी. मीच हळू ओढलं. दोरी संपली आणि माझा हात भिंतीला लागला. आठवी सुई भिंतीच्या पायाशी रोवली. आठ. नानांची पट्टी भिंतीच्या आत होती. मी तिथेच भिंतीला टेकून रडले, अगदी शाळकरी मुलीसारखी.

मग डोळे पुसून त्या काकांचे आभार मानायला वळले.

कुणी नव्हतं. मी हाक मारली. गवतात पायवाट पडलेली होती ती एकच, माझी. सुया गोळा करत परत जाऊ म्हणून कबरीपाशी आले. सातवी सुई जिथे रोवली होती तिथेच उभी. आणि कबरीच्या कडेवर, चुन्यावर, बाकीच्या सहा हिरव्या सुया शेजारी शेजारी ठेवलेल्या. टोकं एका बाजूला. मी त्या मागे ठिकठिकाणी रोवून आले होते. मी खाली बसले.

बसल्यावर दिसलं. सातव्या सुईपासून दोन बोटांवर, कबरीच्या उशाच्या सिमेंटमधून एक लोखंडी कडं वर आलेलं होतं. गंजलेलं, जाड तारेचं, खाली तारेचा दांडा सिमेंटमध्ये गेलेला. त्या कड्यात झेंडूचा सुकलेला हार अडकवलेला होता. मोजणीदाराच्या घरात वाढलेय मी. लहानपणी त्या सुयांशी खेळल्याबद्दल मार खाल्लाय. ती मोजणीची सुई होती, दहावी.

आरसा गाडीतून आणायचं त्राण नव्हतं. मोबाईलचा काळा पडदा तिरका धरून थोडं ऊन पाडलं. अक्षरं सिमेंट ओलं असताना खिळ्याने कोरलेली, वर चुन्याचे थर. ‘मार्था शमुवेल. वय २ वर्षे. प्रभूजवळ आहे.’

कोपऱ्यातल्या लोखंडी फाटकातून एक गृहस्थ आत येताना दिसले. साठीचे, पांढरी टोपी, हातात मोबाईल. मला वाटलं हेच ते, पण आवाज ऐकल्यावर कळलं की ते हे नव्हेत. शेजारचं शेत त्यांचं, नाव भाऊसाहेब. विहिरीवरची मोटार चालू करायला आले होते. बाई खाली बसल्यात, ऊन लागलं का, म्हणून विचारायला आले. पाणी दिलं. मी कोण, कशाला आले, सगळं सांगितलं. काही लपवावं असं वाटलंच नाही. मोजणीदाराची मुलगी म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. मोजणी झाली तेव्हा ते विशीतले होते आणि अर्ज त्यांच्या वडिलांचा होता.

मी विचारलं, नकाशाप्रमाणे ही पट्टी तुमची, मग भिंत इथे कशी?

त्यांनी सांगितलं ते असं. मोजणीच्या दिवशी साखळीचं मागचं टोक धरायला गावातला नेहमीचा माणूस आला नव्हता, म्हणून चर्चची घंटा वाजवणाऱ्या शमुवेलला धरायला लावलं. त्याची पोर जाऊन आठवडा झाला होता. सातवी सुई नेमकी तिच्या उशाशी पडली. पुढची साखळी मोजून झाल्यावर ती उपटायची होती.

“त्यो माझ्या वडलाकडं आला त्याच सांजंला,” भाऊसाहेब म्हणाले. “म्हनला, पाटील, मोजनी चुकली. एक सुई म्या ठिवली. पोरीच्या डोक्याशी रुतलेलं लोखंड उपटाय हात झाला न्हाई. सायबाला सांगनार हुतो, पर सायबांची गाडी सुटत हुती.”

पुढे नकाशा आला. तेहतीस फूट जास्तीचे. पण भाऊसाहेबांच्या वडिलांनी तो कागद पेटीत टाकला तो कायमचा. कुणी सुचवलंच की पट्टी ताब्यात घ्या, तर म्हणायचे, दोन वर्षांच्या पोरीवर ऊस लावून कुनाचं त्वांड ग्वाड करायचं हाय? निवडुंग हलला नाही. पुढे भिंत बांधायची निघाली तेव्हा ती निवडुंगाच्याच जागी बांधली, बांधकामाला पाणी यांच्याच विहिरीचं. शमुवेल जाऊन आता वीस-बावीस वर्षं झाली. मुलीच्या पलीकडची कबर त्याची. कबर पक्की केली तेव्हाही त्याने गवंड्याला सुई काढू दिली नव्हती.

ऐकताना मला इतकं हलकं वाटत होतं की माझी दोरी कुणी धरली हे मी क्षणभर विसरलेच होते. मग विचारलं. आत्ता इथे कोण होतं? तुमचा गडी वगैरे?

 भाऊसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

“मोटारीच्या चौथऱ्यावरनं बघत हुतो मी, ताई. तितनं समदं दिसतं. तुमी एकल्याच चालत हुता. दोरी मातर तंग हुती. म्हनलं, दगडाला बांधली आसंल. पर तुमी म्होरं गेला की दोरी बी म्होरं यायची, अन् परत तंग.”

बोलणं मी ऐकलं का, ते त्यांनी विचारलं. मी दोन शब्द सांगितले. त्यावर त्यांनी शमुवेलच्या कबरीकडे बघून नुसते हात जोडले. मीही जोडले. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. ज्याने मुलीच्या उशाची सुई दोनदा तशीच ठेवली, त्या माणसाची भीती कशी वाटणार? आईची सातवी सुई मी उपटली नाही. तिथेच ठेवून आले.

संध्याकाळच्या आत घरी पोचले. नाना खुर्चीत बसून वाट बघत होते, जेवले नव्हते. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पुढे केला. सुया मागत होते, जुन्या सवयीने. मी दिल्या. त्यांनी एकेक करून मोजल्या. नऊ. परत मोजल्या. चेहरा उतरला.

“एक कुठाय?”

“तुमची जिथे आहे तिथेच,” मी म्हटलं. “आठ, नाना. आठ आहे. पोर भिंतीच्या आत आहे.”

मग सगळं सांगितलं. पाटलांनी कागद पेटीत टाकला ते सांगितलं, कड्यातला हार सांगितला. साखळी धरणारा माणूस तिचा बाप होता, हे त्यांना माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर नाना बराच वेळ रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते, आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते. मग वहिनीने गरम भात आणला, तो जेवले. वर तूपही मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सही केली. पेसमेकर बसला, चौथ्या दिवशी घरी आले आणि पाचव्या दिवसापासून भावाला पाण्याच्या टाकीच्या उंचीवरून सूचना देऊ लागले. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता तुम्ही विचाराल, बाई, याचा अर्थ काय लावलात? मी प्रयत्न केला. गवतात फास अडकत गेला असेल? सात वेळा, नेमक्या सुईपाशी? बरं, अडकला. मग सुया कुणी उपटल्या, ओळीत कुणी ठेवल्या? दमून माझा मीच भास करून घेतला म्हणावं, तर भाऊसाहेबांना दोरी तंग दिसली त्याचं काय? दहावीच्या पोरांना मी सांगते की उत्तर आलं नाही तर कुठवर आलात ते तरी लिहा. मी इथवर आले. पुढचं मला येत नाही.

फेब्रुवारीत नाना स्वतः यायचं म्हणाले. डॉक्टरांनी परवानगी दिली. त्या दिवशी चर्च उघडं होतं, मंडळींनी चहा केला, भाऊसाहेबांनी खुर्ची आणून हद्दीच्या दगडापाशी ठेवली. गवतही कापलेलं होतं. नानांनी दोरीचं टोक स्वतः हातात घेतलं आणि मला म्हणाले, ओढ. मी लांब उभी राहून सुया रोवत गेले, ते खुर्चीवरून उठून, भाऊसाहेबांच्या आधाराने, एकेका सुईपर्यंत येत गेले. वाकता येत नव्हतं, म्हणून सुया राहू दिल्या. सातव्या सुईपाशी आले तेव्हा थांबले. दोन्ही कबरींवर फुलं ठेवली आणि मोठ्याने, सगळ्यांसमोर, म्हणाले, “शमुवेल, मला माहीत होतं. मी परत यायला हवं होतं.”

मी कान देऊन ऐकलं. काही ऐकू आलं नाही.

मग आठवी झाली, भिंत लागली. वळून बघितलं तर मागे सगळ्या हिरव्या सुया रेषेत जिथल्या तिथे उभ्या होत्या, उन्हात चमकत. या वेळी त्या मलाच परत जाऊन गोळा कराव्या लागल्या.